पणजोबांच्या हद्दपारीचा कागद

आमच्या कोल्हापुरात चिमासाहेब महाराजांच्या नावाचा चौक आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी छत्रपतींच्या या धाकट्या भावाला कराचीला नेऊन ठेवलं. १८६९ मध्ये ते तिथंच वारले. राजघराण्यातला माणूस हद्दपार झाला की तारखा राहतात, चौक राहतो. माझ्या पणजोबांना गावातून उठवलं त्याचा एक कागद मी दोन वर्षं शोधतोय.

आम्ही मूळचे जावळी तालुक्यातले. कोयना धरणाचं पाणी चढलं आणि गाव शिवसागराच्या तळाशी गेलं. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. आमची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली. ज्यांचा सातबारा होता त्यांना निदान भांडता आलं. आमच्याकडं काय, तर महारकीच्या वतनातला सामाईक वाटा. पणजोबा बायकापोरांसह कामाच्या शोधात कोल्हापुरात आले.

कुणी म्हणेल, गावासाठी का रडता? ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत गावाचं कौतुक करणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं. मान्य. मी गावासाठी रडत नाही. आजी तर सरळ म्हणते, "बुडालं ते बरं झालं, पाणवठा तरी कुठं आमचा होता?" पण स्वतःच्या पायांनी गाव सोडणं वेगळं आणि हाकलून देऊन वर त्याच गावाचा पुरावा मागणं वेगळं. चुलत बहिणीच्या जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद हवा. १९५६ ला आम्ही जात टाकली, आणि बौद्ध म्हणून सवलत १९९० साली मिळाली तरी पुरावा 'महार' लिहिलेलाच लागतो.

शेवटी एका कार्यालयात जुनं कोतवाल बुक निघालं. मोडीतली ओळ तिथल्याच एका म्हाताऱ्या जाणकारानं वाचून दिली. साल १९३६. बापाचं नाव पणजोबांचं, जात महार, अपत्य पुरुष. मुलाचं नावच नाही; तेव्हा तशीच नोंद करायची पद्धत. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. कारकून म्हणाला, "हा तोच कशावरून?"

घरी येऊन आजीला झेरॉक्स दाखवली. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात ह्यांचं नाव कुठं हाय?"

सोमवारी प्रतिज्ञापत्र करायला तिलाच घेऊन जायचंय.