अर्जाला पुरावा लागतो

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे प्रवेशाचा अर्थ एकच, कटऑफ. यादीत नाव आहे किंवा नाही, एवढ्यावर विषय संपतो. साहित्य, विज्ञान आणि समाजशास्त्रे एकत्र शिकवणाऱ्या निवडक लिबरल आर्ट्स संस्था, मग पुण्याचे फ्लेम असो, सोनीपतचे अशोका असो किंवा अमेरिकेतले अ‍ॅमहर्स्ट, नुसत्या टक्क्यांवर यादी लावत नाहीत. गुणांसोबत विद्यार्थ्याचे लेखन, कुठे मुलाखत, कुठे शिक्षकांची शिफारसपत्रे पाहिली जातात. त्यामुळे पालक हल्ली ‘प्रोफाइल’ बनवून देणाऱ्यांच्या शोधात असतात. या प्रवेशांविषयी मार्गदर्शन करणे हे माझे काम, आणि माझे मत याच्या उलट आहे. प्रोफाइल बनवून घेण्यात अर्थ नाही. अर्जाला पुरावा लागतो, आणि तो विरारजवळच्या वटारसारख्या गावात राहणाऱ्या मुलीला वा मुलाला पैसे न मोजता जमवता येतो.

मात्र गुणांना पर्याय नाही, हे आधी मान्य करू. अमेरिकेतली अनेक कॉलेजे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता दरवर्षी जाहीर करतात. प्रवेश देताना कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले, हे त्यात नोंदलेले असते. निवडक कॉलेजांच्या तक्त्यांत शाळेत घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी आणि त्यांतले गुण सहसा सर्वांत वर दिसतात. बोडोइन कॉलेजने 1969 मध्येच प्रवेशपरीक्षेचे गुण ऐच्छिक केले, तेव्हा तिथे शाळेच्या नोंदींना किती वजन असेल ते उघड आहे. या नोंदी नववीपासूनच्या मागतात, म्हणून बारावीत जागे होणे उशिराचे. पण चांगले गुण बहुतेक सगळ्याच अर्जदारांकडे असतात. ते दार उघडतात. आत कोणाला घ्यायचे, हे उरलेल्या कागदांवर ठरते.

त्या कागदांत काय असावे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. ते वैद्यकीय कॉलेजचे आहे, तरी इथे नेमके लागू पडते. 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेश मागताना आपण तिथल्या अटी पूर्ण करत नाही, हे लपवले नाही. स्वकीयांचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, आणि पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांसाठी आपल्याला शिकायचे आहे, असे त्यांनी लिहिले. प्रवेश मिळाला आणि 1886 मध्ये पदवीही. त्या पत्रात स्वतःची स्तुती नव्हती. उणीव होती, कृती होती आणि कारण होते. ‘मी जिज्ञासू आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. समुद्र ओलांडून आल्याचा दाखला उसना आणता येत नाही.

वटारच्या विद्यार्थ्यापुढे असा पुरावा देणारे विषय पडलेले आहेत. किनारपट्टीच्या विहिरींत खारे पाणी शिरते. आपल्या वाडीतल्या विहिरीचा खारटपणा दोन वर्षे दर महिन्याला मोजून वहीत लिहिणे, राजेळी केळी सुकवून सुकेळी करणारी घरे का घटली याचा घरोघर जाऊन हिशेब मांडणे, आजीच्या तोंडची कादोडी बोली ध्वनिमुद्रित करून ठेवणे, यांतले एकही काम महागड्या उन्हाळी शिबिरात मिळत नाही. वर्गशिक्षकाने ते डोळ्यांनी पाहिलेले असेल तर शिफारसपत्रालाही वजन येते. एकच पथ्य पाळावे: गावाची गरिबी दया मिळवण्यासाठी मांडू नये. काय पाहिले, काय चुकीचे समजत होतो आणि कोणता प्रश्न अजून सुटला नाही, हे लिहावे.

यावर आक्षेप येतो की ही सगळी श्रीमंतांची सोय आहे, गुणांची यादी निदान निःपक्ष तरी असते. आक्षेपात तथ्य आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या 2023 च्या अभ्यासात अमेरिकेच्या बारा नामांकित खासगी विद्यापीठांत, प्रवेशपरीक्षेचे गुण समान असूनही, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पोचतात असे दिसले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गोष्टींचे मूल्यमापन ही कारणे त्यांनी दाखवली. पण कटऑफमागेही क्लासची फी असतेच. पहिल्या दोन कारणांवर अर्जदाराचा इलाज नाही. तिसऱ्यात, जे विकत मिळत नाही ते दाखवणे एवढेच त्याच्या हाती उरते.

पैशाचा हिशेबही आधीच करावा. अशोका आणि बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ घरची मिळकत पाहून मदत देतात. अमेरिकेत अ‍ॅमहर्स्ट आणि बोडोइन परदेशी अर्जदाराची ऐपत प्रवेश ठरवताना पाहत नाहीत. बहुतेक कॉलेजे पाहतात. म्हणून बांधील स्वरूपाचा ‘अर्ली डिसिजन’ अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरील खर्चाचा अंदाज देणाऱ्या गणकयंत्रात घरचे खरे उत्पन्न घालून पाहावे, आणि यादीत परवडणारे निदान एक कॉलेज ठेवावे. इतके करूनही नकार येऊ शकतो, कारण जागा थोड्या आणि लायक अर्ज पुष्कळ. पण विहिरीच्या पाण्याची दोन वर्षांची नोंद नकारानंतरही खरीच राहते, आणि ती ठेवायला शिकलेला विद्यार्थी विरारच्या कॉलेजातही चांगला अभ्यासक होतो. प्रोफाइलवर खर्च केलेल्या पैशाबद्दल असे म्हणता येत नाही.