टाकीचा ताळा

शेठजींच्या रोजमेळात मोटारीच्या इंधनाचे स्वतंत्र खाते उघडले गेले ते 2025 च्या गुढीपाडव्याला. तोपर्यंत पेट्रोलचा खर्च किरकोळ वाहतुकीत जमा होत असे आणि त्याकडे कुणी फारसे पाहत नसे. देहूरोडच्या बाजारपेठेत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत, त्यांचे पॅकिंगच्या मालाचे दुकान आहे. खोके, चिकटपट्ट्या, प्लॅस्टिकची फिल्म आणि लाकडी पेट्या असा माल चाकणच्या कारखान्यांना जातो. थोरला मुलगा चाकणची बाजू सांभाळतो, तर धाकटा भिवंडीचे गोदाम. अशा घरात त्या पाडव्याला एक हायब्रिड मोटार आली. उंच, रुंद, आलिशान, आत शिरल्यावर बाहेरच्या कंटेनरचा कर्णा ऐकू येऊ नये अशी. तिच्या कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे जे घडले ते त्या वर्गातल्या कोणत्याही मोटारीबाबत घडले असते.

शेठजींना एवढी महाग गाडी नको होती. संमती मिळाली ती थोरल्याने कागदावर मांडलेल्या एका हिशोबामुळे. जुनी मोठी पेट्रोल गाडी लिटरला दहा किलोमीटर देत होती. नवीन गाडीच्या पुस्तिकेत वीस छापलेले होते. वर्षाला अठरा हजार किलोमीटर धाव. म्हणजे अठराशे लिटरच्या जागी नऊशे. लिटरला 104 रुपये धरले तर वर्षाला 93,600 रुपयांची बचत. "पप्पा, गाडी हळूहळू स्वतःचे पैसे स्वतःच फेडेल," असे तो म्हणाला होता. शेठजींनी कागद दोनदा वाचला, बेरीज-गुणाकार तपासला आणि होकार दिला.

चूक गुणाकारात नव्हतीच.

सप्टेंबरअखेर सहा महिन्यांचे खाते बांधले तेव्हा 9,120 किलोमीटर आणि 600 लिटर असा आकडा निघाला. लिटरला 15.2. गाडीच्या पडद्यावर मात्र 16.1 झळकत होते. शेठजींनी भरण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून घालून दिली होती: पंप तोच, नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरायची, पुढे एक थेंबही नाही, आणि मीटरचे वाचन पावतीच्या पाठीवर लिहायचे. म्हणून पंपाच्या पावत्या विरुद्ध पडदा असा वाद झाला तेव्हा पावत्या जिंकल्या. पडद्यावरचा आकडा हा यंत्राने बांधलेला अंदाज असतो. तो बऱ्याच गाड्यांत थोडा उदारच असतो. बँकेच्या पासबुकाशी न जुळणारी घरची वही जशी, तसाच तो. संदर्भाला ठीक, ताळेबंदाला नाही.

दुकानात दोन माणसांच्या देखत शेठजी बोलून गेले, "शोरूमवाल्याने याला गुंडाळले." वाक्य लहान होते, परंतु चाळिशीतल्या, दोन मुलांच्या बापाला ते नोकरांसमोर ऐकावे लागले. त्यानंतर पंधरा दिवस थोरला दुपारच्या जेवणाला घरी आला नाही. चाकणलाच डबा मागवू लागला. घरातल्या बायकांनी कारण विचारले नाही. त्यांना ते माहीत होते. त्यातच दिवाळीला धाकट्यासाठी तशीच दुसरी गाडी घ्यायचे आधीच ठरले होते आणि इसाऱ्याची रक्कमही भरलेली होती. आता ती गाडी घ्यायची की मोडायची, हे कोणी कोणाला विचारायचे?

थोरल्याने डब्याच्या वेळेत जे केले ते आधीच करायला हवे होते. पुस्तिकेतला आकडा येतो कोठून, हे त्याने शोधले. त्यासाठी लांब जाण्याची गरज नव्हती. 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे आणि तिचे एक केंद्र चाकणलाही आहे. अशा मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रस्त्यावर नव्हे, रुळांवर चालवली जाते. गाडी जागच्या जागी उभी, फक्त चाके फिरतात. चाचणी 1,180 सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतली. कमाल वेग ताशी 90 किलोमीटर, सरासरी तिशीच्या थोडी वर. वातानुकूलन बंद. त्यात घाट नाही, पाऊस नाही, महाळुंगेच्या फाट्यावर आडवा लावलेला ट्रेलर नाही. हा आकडा खोटा नव्हे. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजण्यासाठी तो काढलेला असतो, आणि एका छापील आकड्याची तुलना दुसऱ्या छापील आकड्याशी करण्यापुरताच तो उपयोगी असतो.

इथेच थोरल्याला स्वतःची चूक दिसली. जुन्या गाडीची पुस्तिका त्याने कपाटातून शोधून काढली. तिच्यात 13 छापलेले होते. त्याने हिशोबात जुन्या गाडीचा प्रत्यक्षातला दहा आणि नव्या गाडीचा छापील वीस समोरासमोर ठेवले होते. एका बाजूला रोकड आणि दुसऱ्या बाजूला उधारीचे आश्वासन मांडून काढलेला तो नफा होता. छापील तेरा रस्त्यावर दहा झाले, छापील वीस पंधरा झाले. दोन्ही गाड्यांनी जवळपास चौथा हिस्सा रस्त्यावर सांडला. छापील धरले तरी नवीन गाडी दीडपट, प्रत्यक्ष धरले तरी दीडपट. शोरूमवाल्याने गुंडाळले नव्हते. गुंडाळले होते ते मुलाच्या कागदाने, आणि तो कागद बापाने दोनदा वाचला होता.

युरोपात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. तेथील नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदवणारे यंत्र सक्तीचे आहे. 2021 मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांच्या या नोंदी युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध केल्या. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा खर्च प्रयोगशाळेपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त निघाला. बाहेरून चार्ज करण्याच्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा मात्र सुमारे साडेतीनपट. कारण सरळ आहे. चाचणीत त्या नियमित चार्ज होतात असे गृहीत धरलेले असते, मालक मात्र तेवढ्या वेळा प्लग लावत नाहीत. आपल्याकडे आलिशान गाड्यांवर 'हायब्रिड' हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो: इंजिनाला जेमतेम हात देणारी माइल्ड, काही अंतर नुसत्या विजेवर चालणारी स्ट्राँग आणि ही प्लग-इन. घेणाऱ्याने आधी एवढे तरी विचारावे. शेठजींची गाडी दुसऱ्या प्रकारातली.

मग थोरल्याने सहा महिन्यांच्या धावेची खतावणी मार्गवार केली. प्रत्येक फेरीचे ट्रिप मीटर त्याने लिहून ठेवले होते. त्या आकड्यांचा मेळ त्याने पावत्यांच्या एकूण लिटरांशी घातला. चाकणच्या फेऱ्या 4,000 किलोमीटर, लिटरला 17.4. द्रुतगती मार्गावरून मुंबई-भिवंडी 3,600 किलोमीटर, 14.1. बाकीची धाव बाजारातली, म्हणजे दुकान, स्टेशन, निगडीचा दवाखाना, नातवंडांची शिकवणी, तिथे 13.2.

शेठजींना पहिल्यांदा हे उलटे वाटले. आयुष्यभर त्यांनी ऐकले होते की गाडी महामार्गावर जास्त धावते आणि कोंडीत कमी. जुन्या गाडीचे तसेच होते: चाकणच्या रस्त्यावर आठ, द्रुतगतीवर बारा. हायब्रिडचा स्वभाव वेगळा. येलवाडी ते महाळुंगे पट्ट्यात कंटेनरमागे रांगत असताना तिचे इंजिन बराच वेळ बंदच असते. मोटर चाके फिरवते आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी गती विजेच्या रूपात बॅटरीत परत येते. वारंवार थांबणाऱ्यालाच ही परतफेड मिळते. किवळ्याहून द्रुतगतीवर चढले, वेग ताशी शंभरापुढे नेला, की ब्रेकला काम नाही आणि बॅटरीकडे देण्याजोगे फारसे काही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवर जो असतो तो शंभरावर दीडपटीहून अधिक होतो. उंच, रुंद गाडीला तो अधिकच जाणवतो.

घाटाचीही गंमत पाहण्याजोगी आहे. लोणावळा ते खोपोली उंचीत अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरक आहे. दोन टन वजन तेवढे खाली उतरते तेव्हा सुमारे पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातला बराच भाग चाकांच्या घर्षणात आणि हवेत जातो. उरलेला बॅटरीने घ्यावा, तर अशा गाडीची बॅटरी एक-दोन युनिटांचीच, आणि ती टिकावी म्हणून त्यातलाही थोडाच भाग वापरात असतो. अर्धा घाट उतरेपर्यंत बॅटरी भरते. पुढचे उतरणीचे दान घ्यायला भांडेच उरत नाही. परतीच्या चढणीला मात्र पूर्ण किंमत मोजावी लागते.

बाजारातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचे रहस्य थंड इंजिनात होते. धूर शुद्ध करणारी यंत्रणा तापेपर्यंत इंजिन चालू ठेवावेच लागते, आणि ते तापते तोवर स्टेशन येते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी थंड करण्याचा खर्च वेगळा. शिवाय पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक-तृतीयांश कमी उष्णता असल्याने भरलेल्या प्रत्येक लिटरात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी येते. पावतीवर लिटर पूर्णच असतो.

एक नोंद मात्र यंत्राने नव्हे, माणसाने बिघडवलेली होती. चाकणला जाताना सकाळी गाडी अठराच्या वर देई, संध्याकाळी परतताना सोळावर येई. रस्ता तोच, कोंडी तीच. थोरल्याने कारण लिहिले नाही. शेठजींना ते वाचताच कळले. आठवड्यातून तीन दिवस ते स्वतः त्या गाडीत असत. त्यांचा चौविहार आहे. सूर्यास्तापूर्वी ताटावर बसायचे म्हणून साडेपाचनंतर ते चालकाला सारखे "जरा दाब" म्हणत, आणि चालक दोन कंटेनरमधल्या प्रत्येक फटीत जोरात घुसून पुढे पुन्हा कचकन ब्रेक लावी.

पंधराव्या दिवशी त्यांनी थोरल्याला फोन केला. "उद्यापासून मी चार वाजता निघणार. आणि तू जेवायला घरी ये," एवढेच म्हणाले. माफीचा शब्द त्यात नव्हता. मुलाने तो शोधलाही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नवा हिशोब मांडला गेला, या वेळी तिघांच्या समोर. वर्षाला अठरा हजार किलोमीटर, दहाच्या जागी 15.2, बचत 616 लिटर, सुमारे 64,000 रुपये. त्याच वर्गातल्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडची किंमत सात लाखांनी जास्त होती. नऊ टक्क्यांनी त्याचे व्याज 63,000. व्याज आणि बचत समोरासमोर उभे राहिले आणि हजार रुपये उरले. मुद्दल तिथेच. गाडी स्वतःचे पैसे फेडत नव्हती, फक्त व्याज भरत होती. शेठजींना हे वाईट वाटले नाही. शांत, धक्के न देणारी गाडी हवी होती असे म्हणून ती घेतली असती, तर हा प्रश्नच आला नसता.

धाकट्याच्या गाडीचा निर्णय त्याहून सोपा निघाला. त्याची बहुतेक धाव द्रुतगतीवरची, जिथे हायब्रिड चौदा देते आणि जुनी गाडी बारा. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. त्याआधी मोठ्या हायब्रिडवर उपकरासह 43 टक्के आणि तेवढ्याच मोठ्या साध्या एसयूव्हीवर 50 टक्के कर होता. आता दोहोंवर 40. हायब्रिडला मिळणारी सात टक्क्यांची सवलत संपली. भरलेल्या कराची वजावट अशा प्रवासी गाडीला व्यापाऱ्यास आधीही मिळत नव्हती, आताही नाही. बदल्यात किंमत कमी येते म्हणून जुनी पेट्रोल गाडी पाडव्याला विकलेली नव्हती. ती गोदामामागच्या शेडमध्ये उभी होती. इसारा परत मागवायचा, जुन्या गाडीचे टायर आणि क्लच बदलायचे आणि भिवंडीला तीच न्यायची, असे ठरले. धाकटा थोडा हिरमुसला. त्याला थोरल्याने चाकणला काम नसलेल्या शनिवारी हायब्रिड देऊ केली, आणि टाकी नळी थांबेपर्यंतच भरायची अशी अट घातली.

दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन झाले. मोटारीच्या खात्याची आता दोन पाने झाली आहेत, एकेक गाडीचे एकेक. पुस्तिकेतला आकडा दोन्ही पानांच्या माथ्यावर पेन्सिलीने लिहिला आहे. त्याखालचे सारे शाईने.