कापडाचें घर

आमच्या घराण्याचा तंबूशीं संबंध फार जुना आहे, असें म्हटल्यास वाचकांच्या डोळ्यांपुढें एखादा सरदार उभा राहील. म्हणून आरंभींच सांगून टाकलेलें बरें कीं, आमचे आजोबा मामलेदार कचेरींत कारकून होते, आणि हिवाळ्यांत साहेबांची फिरती निघाली म्हणजे दप्तराच्या पेट्या सांभाळीत त्यांना साहेबांच्या डेऱ्यामागून हिंडावें लागे. साहेबाला दुहेरी कापडाचा डेरा, खान्याला निराळा डेरा. कारकुनांच्या वांट्याला एक राहुटी, तीहि ठिगळें लावलेली. आजोबांच्या तोंडून आम्हीं राहुटीची जी स्तुति ऐकली ती एवढीच कीं, तींत साप शिरला तर त्याला बाहेर पडावयास चारी बाजूंनीं वाट असते. अशा माणसाच्या नातवानें माणशीं हजार-बाराशें रुपये मोजून, आपण होऊन, चांगलें घर सोडून तंबूंत निजावयास जावें, हें त्यांना पटलें असतें असें वाटत नाहीं.

निमित्त झालें आमच्या कन्येचें. ती पुण्यांत एका संगणकाच्या कचेरींत नोकरी करते, आणि जुलै महिन्यांत ती परदेशीं जावयाची होती. जाण्यापूर्वीं घरच्या चौघांनीं एक रात्र उघड्यावर काढावी असें तिनें ठरविलें. आणि हल्लींच्या मुलांनीं ठरविलें म्हणजे पैसेहि भरून झालेले असतात. स्थळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील भंडारदरा. रतनगडावरून उतरणारी प्रवरा येथें इंग्रजी अमदानींत दगडी धरण बांधून अडविली. १९१० सालीं लागलेलें काम १९२६ सालीं पुरें झालें. तलावाच्या एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला कळसूबाईची रांग. शिखराची उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रांत याहून उंच कांहीं नाहीं. कांठानें जीं भाताचीं खाचरें आहेत तीं पाऊस पडेपर्यंत मोकळीं असतात, आणि अलीकडे या मोकळ्या दिवसांत त्यांवर तंबूंचें पीक येतें.

मराठीला तंबूच्या शब्दांचा तोटा कधींच नव्हता. डेरा, राहुटी, पाल, शामियाना, कनात. प्रत्येकाची ऐपत निराळी. ज्या लोकांनीं निम्मा हिंदुस्थान घोड्यावरून पाहिला त्यांच्या भाषेंत हे शब्द असावयाचेच. ब्रॉटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून लिहिलेलीं पत्रें पुढें १८१३ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. तीं वाचतांना बाजारासकट एक सबंध शहर पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललें आहे असा भास होतो. या शब्दांपैकीं आम्हांला विशेष आवडतो तो तणावा. तणावा म्हणजे तंबूची ताणलेली दोरी. आमच्या वर्गांतील मुलें ‘तणाव’ हा शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारतात, परंतु दोरी त्यांच्यांतील एकानेंहि पाहिलेली नसते. तंबूच्या बाबतींत तणाव नसला तरच काळजी करावी, हें त्यांना एकदां सांगून पाहावयास हवें.

आमच्या वांट्याला आलेला तंबू मात्र या थोर कुळांतला नव्हता. मधला खांब नाहीं. काचतंतूंच्या दोन लवचिक काठ्या फुलीसारख्या वांकवावयाच्या, त्यांवर कृत्रिम धाग्याचें कापड ओढावयाचें, कीं घर तयार. वजन परीक्षेच्या पेपरांच्या एका गठ्ठ्याहून कमीच भरेल. हलक्या तंबूची गोडी विलायतेंत ज्यांनीं लाविली त्यांत लंडनचा एक शिंपी प्रमुख होता. टॉमस हायरम होल्डिंग हें त्याचें नांव. सायकलीवर बांधून नेण्याजोगा तंबू त्यानें केला, १९०१ सालीं सायकलवाल्यांचा संघ काढला, आणि १९०८ सालीं या विद्येवर ग्रंथहि लिहिला. तंबू शिंप्यानें सुधारावा हें योग्यच झालें. सेनापतींनीं आणि कलेक्टरांनीं तो नुसता वाढविला होता. स्टीव्हन्सननें तर, गाढवाला सोबत घेऊन १८७८ सालीं फ्रान्सच्या डोंगरांत हिंडतांना, तंबूच नाकारला आणि अंगाभोंवतीं घेण्याची एक पिशवी शिवून घेतली. त्या पिशवीला आतां दांतेरी साखळी लागली आहे. ती निम्म्यावर अडकते, आणि मग पन्नाशी उलटलेला प्राध्यापक अर्धा पिशवींत व अर्धा बाहेर असा त्रिशंकूसारखा पडून राहतो.

जमीन सपाट असते ती उभ्या माणसाला. आडव्या माणसास तिच्यांतील प्रत्येक ढेंकूळ स्वतंत्रपणें भेटावयास येतें. खाचरांत गेल्या पिकाचे खुंट असतात, ते सतरंजींतूनहि आपलें मत मांडतात. पहाटे आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आंतून धरते आणि तिचे थेंब कपाळावर पडतात. हें सर्व सोसण्यासारखें आहे. तंबूचा खरा नवलाचा भाग त्याच्या भिंती. त्या डोळ्यांना भिंती असतात, कानांना नसतात. शेजारच्या तंबूंत एक गृहस्थ आपल्या चार-पांच वर्षांच्या मुलाला, अंधार काळा नसून नीट पाहिल्यास निळा असतो, असें फार वेळ समजावीत होते. पलीकडे एका जोडप्यांत घराच्या हप्त्यांवरून दबक्या आवाजांत वाद चालला होता. सकाळीं तींच दोघें नळावर भेटलीं, आम्हीं हवेविषयीं चार शब्द बोललों, आणि आम्हांला कांहीं ठाऊक असल्याचें आमच्या चेहऱ्यावर दिसलें नसावें. ज्यांचें बाळपण गिरगांवांतल्या चाळींत, लाकडी पडदीच्या अलीकडे गेलें, त्यांना हा शिष्टाचार नवा नाहीं: ऐकूं आलें तरी ऐकलें नाहीं असें वागावयाचें. सदनिकांच्या सिमेंटी भिंतींनीं तो अनावश्यक ठरविला; कापडाच्या भिंतींत तो एका रात्रींत परत येतो.

आम्हांला त्या रात्रीं त्याचा दुसऱ्याहि एका कारणासाठीं उपयोग झाला. आमचीं दोन्ही मुलें लगतच्या तंबूंत होतीं. बऱ्याच उशिरां कन्येचा आवाज आला, “तीन वर्षं म्हटलंय रे मी, पण तीन वर्षांत नाही होणार परत येणं. बाबांना आत्ताच सांगू नकोस.” मुलगा कांहीं तरी पुटपुटला. आमच्या सौभाग्यवती जाग्या आहेत हें आम्हांस त्यांच्या बांगड्यांवरून कळलें, आणि आम्ही जागे आहों हें त्यांना आमचें घोरणें थांबल्यावरून कळलें असावें. दोघांपैकीं कोणी बोललें नाहीं. बोललों असतों तर तेंहि तिकडे ऐकूं गेलें असतें.

पण रात्रीचा क्रम सोडून आम्ही पुढें आलों. जेवणें नाचणीच्या भाकरीचीं व पिठल्याचीं झालीं, आणि यजमान सर्वांना काजवे दाखवावयास घेऊन गेले. मे अखेरीपासून मृगाचा पाऊस बसेपर्यंत या रानांत काजव्यांचा हंगाम असतो, आणि त्यासाठींच ही सारी गर्दी. काजवा हा भुंगेऱ्यांचा भाऊबंद. त्याचें बरेंचसें आयुष्य अळीच्या रूपांत, पालापाचोळ्याखालीं गोगलगाई खाण्यांत जातें. पंख फुटल्यावर त्याच्या हातीं एक-दोन आठवडेच उरतात, आणि तेवढ्यांत त्याला जोडीदारीण शोधावयाची असते. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते, असा हा पत्रव्यवहार. त्याच्या पोटांतील द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन जो प्रकाश पडतो त्यांत उष्णता जवळजवळ नसते. हें सर्व आम्ही पूर्वीं वाचलेलें होतें. परंतु एका बेहड्यापुढें आम्ही उभे राहिलों, आणि त्याच्या खोडापासून शेंड्यापर्यंत हजारों ठिणग्या एकदम पेटल्या, एकदम विझल्या, आणि शेजारच्या सादड्यानें तोच श्वास पुढें उचलला, तेव्हां वाचलेल्यापैकीं कांहीं आठवलें नाहीं. मुलांनीं भ्रमणध्वनि वर धरले. चित्रांत काळोखाखेरीज कांहीं उमटेना. कन्येनें आपला खिशांत ठेवून दिला आणि ती नुसती पाहूं लागली.

इतक्यांत कोणाची तरी मोटर वळणावर आली आणि तिच्या दिव्यांच्या झोतांत सगळें झाड विझलें. पुन्हां पेटावयास त्याला बराच वेळ लागला. ज्या जीवाचें लग्न प्रकाशाच्या खुणेवर ठरतें त्याच्या तोंडावर दिवा मारणें म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळीं मांडवांत फटाके लावणें होय. तलावाच्या कांठीं, दुसऱ्या एका तळावर, ध्वनिवर्धक चालला होता. त्याचा ठोका पाण्यावरून येऊन आमच्या बरगड्यांवर वाजे. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा टापू १९८६ सालापासून अभयारण्य आहे. अभय कोणाला, असा प्रश्न आमच्या तोंडीं आला, तो यजमानांनीं ऐकला.

ते महादेव कोळी समाजाचे, चाळिशींतले गृहस्थ. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, हिशेब सांगितला. भाताचें पीक एक. तें घरच्याच पोटाला पुरतें न पुरतें. पूर्वीं भात निघाला कीं गांवांतलीं तरणीं माणसें नारायणगांवच्या अंगाला मजुरीस जात, टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत. आतां काजव्यांचे तीन आठवडे आणि हिवाळ्यांतील सुटीचे दिवस यांवर पोरांची शाळा चालते आणि बायको घरीं राहते. “आवाज आम्हाला बी नको वाटतो, सर,” ते म्हणाले, “पण ज्याच्या तळावर गाणं नाही, त्याला पोरं फोन करीत नाहीत. तुमच्यासारखे किती येणार?” आमच्यासारखे त्या रात्रीं त्यांच्या तळावर अकरा होते, पलीकडे सव्वाशेंच्या वर असावेत. अशा हिशेबापुढें निसर्गप्रेमावरील व्याख्यान फार अवघड जातें. तरीहि काजवे गेले तर तळहि जाईल, एवढें आम्हीं म्हटलें. त्यांनीं मान हलविली, कारण हें त्यांना आमच्या आधींपासून ठाऊक होतें.

उत्तररात्रीं वळीव आला. प्रथम कापड फुगलें, मग एका बाजूच्या मेखा उपटल्या आणि आमचें घर आमच्याच अंगावर बसलें. यजमान व त्यांचा मुलगा दगड घेऊन मेखा ठोकीत अंधारांत धांवत होते. अखेर त्यांनीं सर्वांना आपल्या पडवींत नेलें. कौलें वाजत होतीं, चुलींत आग होती, आणि कोपऱ्यांत त्यांची ऐंशीच्या पुढची आई घोंगडी पांघरून बसली होती. तिनें आम्हांकडे बराच वेळ पाहिलें आणि सौभाग्यवतींना विचारलें, “बाई, तुमाला घरं न्हाईत का?”

“आहेत ना,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“मग कापडात वो कशापायी निजता?”

ती हंसत होती. प्रश्नांत कुचकेपणा मुळींच नव्हता, नुसतें कुतूहल होतें. मग तिनें आपली हकीकत सांगितली. नारायणगांवाकडे कामाला जात तेव्हां बांधावर पाल ठोकून राहत. तिचें दुसरें मूल पालांतच झालें, असाच पाऊस होता. सासऱ्याच्या बापाचीं चांगलीं खाचरें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं, त्यामुळें वरच्या खडकाळ तुकड्यावर भागेना, आणि म्हणून पाल. “घर झालं तवापासून मी कदी कापडात निजले न्हाई,” ती म्हणाली, आणि भिंतीवर हात थापटला.

त्या पाण्याचा पुढील प्रवास आम्हांला माहीत आहे, कारण आमची पहिली नोकरी खालच्या मुलखांत होती. प्रवरेच्या कालव्यांनीं तें राहुरी-श्रीरामपूरकडे उतरतें. त्यावर ऊस वाढला, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. दरवर्षीं दिवाळीच्या आगेंमागें बीड-पाथर्डीकडून तोडणीवाले तेथें येतात आणि चार-पांच महिने फडाच्या कडेला कोपी करून राहतात. बांबूच्या कामट्या वांकवून त्यांवर ताटें, पाचट किंवा प्लास्टिक. आकार थेट आमच्या तंबूचाच. वर्गांत जातांना त्या कोप्यांवरून आम्ही चार वर्षें सायकलीनें गेलों आहों. एकींतहि कधीं शिरलों नाहीं, आणि कोणीं या म्हटलेंहि नाहीं.

पाऊस उजाडतां उजाडतां थांबला. धरणाच्या अंगाला धुकें होतें. यजमानांनीं भिजलेले तंबू कुंपणावर पसरले. लाल, निळे, नारिंगी, एखाद्या मोठ्या धुण्यासारखे. त्यांना त्याच संध्याकाळीं दुसरी मंडळी यावयाची होती, त्यामुळें कापड वाळेल कीं नाहीं या एकाच चिंतेंत ते होते. हप्त्यांवरून भांडलेल्या जोडप्यानें एकाच पेल्यांतून चहा घेतला. निघतांना म्हातारीनें पळसाच्या पानांत बांधून हंगामाच्या शेवटचीं करवंदें दिलीं आणि आमच्या कन्येच्या गालावरून हात फिरवून सौभाग्यवतींना म्हणाली, “पुढल्या साली पोरीला घेऊन परत या. घरात निजा पण.”

“येते ना, आजी,” कन्या म्हणाली, आणि पिशव्या गाडींत ठेवूं लागली. करवंदें कोठें ठेवावीं, असें आम्हीं तिला विचारलें.