पावसाविना वर्षावास

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा तीन महिन्यांचा काळ आपला समाज वर्षावास म्हणून पाळतो. महाराष्ट्रात या काळाला निसर्गाचीही साथ असते. नाले भरून वाहतात, कपाशी कमरेला लागते, गावाकडच्या वाटा चिखलात बुडतात आणि माणूस आपोआप घरी थांबतो. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला मात्र वर्षावास येतो तो पावसाविना. जुलै-ऑगस्टमध्ये दुबई-शारजात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. समुद्रावरून येणारी दमट हवा घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा धूसर करते. पाऊस पडतो तो बहुतांशी थंडीच्या दिवसांत, आणि तोही वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास. ज्या आचरणाचे नावच पावसावरून पडले, ते या वाळवंटात पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे? गेली १८ वर्षे मी या प्रश्नाच्या सोबतीने येथे राहत आलो आहे.

वर्षावासाचा उगम पाहिला तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच सापडते. पावसाळ्यातही भिक्षू चारिका करीत आणि त्यांच्या पायांखाली कोवळे अंकुर व सूक्ष्म जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती ऐकली, रास्त मानली आणि भिक्षूंनी तीन महिने एका ठिकाणी राहावे असा नियम घालून दिला. हा नियम कोणत्याही आकाशवाणीतून आलेला नाही. सामान्य माणसांनी उपस्थित केलेल्या एका व्यावहारिक आक्षेपातून तो जन्मला. आपल्या थांबण्याने दुसऱ्या जीवाला जगण्याची सवड मिळते, हे त्याचे सार आहे. पाऊस हे निमित्त. करुणा हे कारण.

आपल्या वस्त्यांनी या नियमाला वाचनाचे रूप दिले. वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावी वर्षावासाच्या तिन्ही महिन्यांत रोज रात्री जेवणे आटोपली की विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होत असे. दिवे गेले तर कंदील लागे. शिकलेल्या पोरांपैकी एकजण वाचायचा, दोन-तीन पाने झाली की दुसरा बसायचा. पांढऱ्या लुगड्यातील म्हाताऱ्या समोरच्या रांगेत असत. त्यांत माझी आजी होती. तिला अक्षरओळख नव्हती; पण कालचे वाचन कोठे थांबले होते हे वाचणाऱ्याआधी ती सांगत असे. वाचणारा अडखळला, एखादी ओळ गाळून पुढे गेला, तर ती लगेच म्हणायची, “थांब बाबा, मधलं राहिलं.” ऐकणे हेदेखील वाचनच असते, हे मला तिने शिकविले, आणि तेही शिकवण्याचा आव न आणता.

या ग्रंथाची घडण ऐकण्याला सोयीची आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. बाबासाहेबांनी तो आठ खंडांत विभागला आणि त्यांतील विधानांना क्रमांक दिले. एकेक विधान लहान, स्वतंत्र, पुढच्याला हात देणारे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे निघाला. तो छापील स्वरूपात पाहण्याचे भाग्य बाबासाहेबांना लाभले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी केलेला मराठी अनुवाद १९७० साली आला आणि ग्रंथ आमच्या विहारांपर्यंत पोहोचला. या प्रवासाच्या मुळाशीही एक पुस्तकच आहे. शाळकरी भीमरावांच्या परीक्षेतील यशानिमित्त भरलेल्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे आज जगाला ठाऊक आहे.

माझ्या जडणघडणीवर या ग्रंथाचा सर्वांत खोल ठसा उमटला तो त्याच्या प्रस्तावनेतून. धर्मग्रंथ म्हटला की आरंभी स्तुती असते, ही आपली समजूत. बाबासाहेब मात्र आरंभीच चार अडचणी वाचकापुढे ठेवतात. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, याचे परंपरेने दिलेले उत्तर पटते काय? चार आर्यसत्ये मुळातील आहेत काय? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा अर्थ काय लावायचा? भिक्षू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू कोणता? ज्याने लाखो लोकांसह दीक्षा घेतली, तो पुरुष श्रद्धेच्या ग्रंथाचे दार प्रश्नांनी उघडतो. प्रश्न विचारल्याने श्रद्धा बाटत नाही, उलट बळकट होते, हे कोणी मला उपदेश म्हणून सांगितले असते तर कदाचित मी विसरलो असतो. ग्रंथाच्या रचनेतच ते असल्यामुळे अंगी मुरले.

२००७ साली मी दुबईला आलो तेव्हा विमानात ३० किलो सामान नेण्याची मुभा होती. चादर, लोणचे, दोन जोडी बूट यांत ग्रंथाचे वजन काट्यावर जाणवत होते. त्या वेळी बाबासाहेबांच्या सामानाची आठवण झाली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी पुस्तकांसह आपले सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. महायुद्धाच्या त्या दिवसांत ती बोट टॉर्पेडोने बुडाली. इतके होऊनही ज्याने पुन्हा पुस्तके जमविली आणि पुढे दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांसाठी जागा राखली, त्याच्या अनुयायाने दीड-दोन किलोचा विचार काय करायचा? लोणच्याची बरणी घरी राहिली.

पहिली चार वर्षे सोनापूरच्या कामगार वसाहतीत गेली. खोलीत दुमजली खाटा, माणसे आठ, भाषा पाच. वाचायला उजेड मिळे तो खाटेच्या दांडीला बांधलेल्या छोट्या दिव्याचा. मी बांधकामावर सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. कामगारांनी शिरस्त्राण घातले की नाही, परातीची बांधणी घट्ट आहे की नाही, पिण्याचे पाणी गार आहे की नाही, हे पाहणे माझे काम. येथे २००५ पासून उन्हाळ्यात मध्यान्ह विश्रांतीचा नियम आहे. आता १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात काम करवून घेण्यास बंदी असते. नियम मोडल्यास प्रत्येक कामगारामागे ५,००० दिरहम दंड होतो. वर्षावासाचे पहिले दोन महिने या विश्रांतीच्या काळातच येतात. हा योगायोग खरा. पण मला त्यात अर्थ दिसू लागला. तेथे पावसात कोवळ्या जिवांसाठी थांबायचे, येथे उन्हात माणसांच्या जिवासाठी थांबायचे. विश्रांतीच्या मंडपात कामगार पुठ्ठे अंथरून आडवे होत आणि मी दोन पाने वाचीत असे.

एके दुपारी शेजारी पडलेल्या नेपाळी सळईकामगाराने विचारले, काय वाचता? मी त्या वेळी पहिल्या खंडात होतो. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला वाद, सेनापतीचा युद्धाचा ठराव आणि त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध हा भाग मी त्याला मोडक्या हिंदीत सांगितला. तो उठून बसला. तो रुपन्देही जिल्ह्यातला निघाला. म्हणाला, रोहिणी तर आमच्या शेताजवळून वाहते. पावसाळ्यात बांध फोडते आणि उन्हाळ्यात पाण्यावरून भावाभावांत भांडणे लावते. आजवर माझ्या मनात ती नदी ग्रंथातली होती. त्या दिवसापासून ती एका माणसाच्या शेताजवळची झाली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो वाद पाण्याचाच होता, आणि आम्ही दोघे पाण्याच्या पिंपाशेजारी बसून त्याविषयी बोलत होतो.

त्याच उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. काम मागे पडले होते. गच्चीवरची सळई-बांधणी रोज विश्रांतीच्या वेळेत अर्धा-पाऊण तास पुढे रेटावी आणि नोंदवहीत मात्र १२.३० लाच काम थांबल्याचे लिहावे, असे मला वरून सुचविण्यात आले. सुचविणाऱ्याचा स्वर गोड होता. माझा करार नूतनीकरणाला आला होता, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होते. घरी आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि पत्नीला येथे आणण्याचे कागद अर्धवट होते.

त्या रात्री मी पुन्हा तोच भाग वाचला. शाक्य संघात सिद्धार्थाचा ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. संघाचा निर्णय न मानल्यास देहदंड किंवा देशत्याग, आणि कुटुंबावर बहिष्कार व जमिनीची जप्ती अशा धमक्या त्याच्यासमोर होत्या. त्याने युद्धात सामील होण्यास नकार दिला आणि शिक्षा स्वतःवर घेतली. आपल्या कुटुंबाला यात गोवू नका, एवढेच मागितले. माझ्या नोंदवहीची त्या त्यागाशी तुलना करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. परंतु पंचशीलातील चौथे शील मी लहानपणापासून हात जोडून म्हणत आलो होतो. ते पाळण्याची किंमत आपल्या खिशातून द्यावी लागते, हे त्या रात्री प्रथमच समोर उभे राहिले. खोट्या वेळेवर सही करणे म्हणजे केवळ असत्य नव्हे. त्या सहीखाली गच्चीवर वाकलेली चाळीस माणसे होती.

मी सही केली नाही. फार मोठे नाट्य घडले नाही. मला दुसऱ्या कामावर पाठविले, जादा तासांचा भत्ता गेला, पत्नीचे येणे वर्षभर लांबले. आईची शस्त्रक्रिया भावाने कर्ज काढून केली आणि ते कर्ज आम्ही दोघांनी मिळून फेडले. माझ्यानंतर त्या नोंदवहीत काय लिहिले गेले, हे मला कळले नाही. सम्यक आजीविका म्हणजे पवित्र व्यवसाय निवडणे असे मी पूर्वी मानीत असे. आता वाटते, आहे त्याच व्यवसायात रोज कुठे तरी थांबण्याची तयारी ठेवणे म्हणजे सम्यक आजीविका.

आज आम्ही शारजात राहतो. हा देश वाचनाला मान देतो. २०१६ हे वर्ष येथे वाचनवर्ष म्हणून साजरे झाले. युनेस्कोने शारजाला २०१९ सालची जागतिक ग्रंथ राजधानी घोषित केले. १९८२ पासून भरणारा येथील ग्रंथमेळा दर नोव्हेंबरात आमच्या घराजवळ असतो. मेळ्यात मल्याळम पुस्तकांच्या दालनांत पाय ठेवायला जागा नसते. अख्खी कुटुंबे पिशव्या भरभरून पुस्तके नेतात. त्यांच्याविषयी कौतुक वाटते आणि मनात एक कळही उठते. आपले मराठी पुस्तक अजूनही सुट्टीवरून परतणाऱ्याच्या पेटीतूनच येते.

ही कळ घरातही आहे. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेत इंग्रजी, हिंदी आणि अरबी. मराठी बोलते, पण वाचीत नाही. वर्षावासात शनिवारी संध्याकाळी आठ-दहा कुटुंबे एकमेकांच्या घरी आळीपाळीने जमतात आणि ग्रंथवाचन होते. मुले कंटाळतात, हे झाकण्यात अर्थ नाही. आजीसमोर जो ग्रंथ कंदिलाच्या उजेडात जिवंत होता, तो माझ्या मुलीसमोर केवळ आईवडिलांची सवय होऊन राहील काय, ही भीती मला वाळवंटापेक्षाही कोरडी वाटत आली आहे.

गेल्या वर्षी मी तिच्या हाती मूळ इंग्रजी ग्रंथ दिला. पणजीने ऐकला तो अनुवाद. पणतीला बाबासाहेबांची स्वतःची वाक्ये थेट वाचता येतात, ही गोष्ट तिला फार आवडली. आठवडाभराने तिने विचारले, “बाबा, आत्मा नाही, मग पुनर्जन्म कुणाचा?” ही प्रस्तावनेतील तिसरी अडचण. बाबासाहेबांनी ग्रंथात दिलेले विवेचन मी माझ्या परीने सांगितले: देह ज्या मूलद्रव्यांचा बनतो ती नष्ट होत नाहीत, तीच पुन्हा एकत्र येतात, आत्म्याचा प्रवास तेथे नाही. तिचे समाधान झाले नाही. तिने माझ्या आईला बोटिमवरून फोन लावला. आई म्हणाली, “मलाही नीट उमगलं नाही गं अजून. तू वाच, मला सांग.” चाळीस वर्षे वर्षावास पाळणाऱ्या बाईने बारा वर्षांच्या नातीला दिलेले हे उत्तर मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचे वाटते.

आता मुलगी शनिवारी मराठी ग्रंथ उघडून माझ्याशेजारी बसते. अक्षरे तिला हिंदीमुळे ओळखीची आहेत, पण जोडाक्षरांपाशी अडते. म्हणून प्रत्येक विधानाचा क्रमांक ती मोठ्याने म्हणते आणि पुढचे मी वाचतो. एखादे लहान विधान आले की तेही तीच वाचते. गेल्या आश्विन पौर्णिमेला, खीरदानाच्या दिवशी, तिने सलग सात विधाने वाचली. आठव्यात ती एक शब्द गाळून पुढे गेली, तेव्हा माझ्या तोंडून नकळत निघून गेले, “थांब बाळा, मधलं राहिलं.”

नमो बुद्धाय! जय भीम!