मान वर करून चिखलदरा

ऑफिसमधल्या टेबलावर ठेवायला मी एकदा हौसेने ऑर्किड आणलं होतं. कुंडीसकट चांगलं महाग. दीड महिन्यात त्याने मान टाकली. परवा गावी गेल्यावर मामाला हे सांगितलं, तर तो हसत सुटला. ‘‘अमरावतीचा पोट्टा अन् ऑर्किड इकत घेते? चाल चिखलदऱ्याले!’’

आता चिखलदरा काय मला नवीन होतं? शाळेच्या सहली तिथेच. पंचबोल पॉइंटवर घसा फाटेस्तोवर ओरडायचं, गाविलगडावर धावायचं, कणीस खायचं, परत. ऑर्किड? तिथे? पण मामा वनस्पतिशास्त्राचा रिटायर्ड प्राध्यापक, त्यामुळे वाद न घालता सॅक उचलली.

जूनचा शेवटचा आठवडा. परतवाडा सोडलं की सपाट वऱ्हाड एकदम संपतं आणि सातपुडा सुरू होतो. घाट चढून अकराशे मीटरच्या आसपास पोचलो, तेव्हा उन्हाळ्यात तापलेल्या डोंगरावर दोन-तीन पाऊस पडून गेले होते. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हटलं की नाव निघतं ते याच गावाचं. एक कप घेतला आणि चालायला लागलो.

पहिला तास शून्य! मी गवत, दगड, ओहोळ सगळं धुंडाळत होतो. शेवटी मामाच वैतागला.

‘‘वर पाह्य ना रे, खाली काय पाह्यतं?’’

खालची हबेनारिया म्हणे पाऊस मुरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलते. आत्ताची फुलं झाडावर. एका जुन्या आंब्याच्या खोडाला पट्ट्यांसारखी जाड पानं चिकटली होती. मधूनच एक दांडा निघालेला, त्यावर पिवळट-तपकिरी चौकड्यांची फुलं आणि प्रत्येकाची जीभ जांभळी. वांडा टेसेलाटा. आपली रास्ना. वास इतका गोड की मी तिथेच थांबलो. अशी किती झाडं मी लहानपणी बांडगूळ समजून सोडून दिली असतील!

‘‘बांडगूय नाही थे,’’ मामा म्हणाला. ‘‘बांडगूय झाडाचं खाते. हे फक्त बसाले जागा मागते.’’

मग त्याने बाटलीतलं थोडं पाणी लोंबणाऱ्या मुळांवर शिंपडलं. पांढरी मुळं बघता बघता हिरवी झाली. मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं. ते पावसाचं, धुक्याचं पाणी शोषतं आणि ओलं झालं की आतला हिरवा रंग दिसतो. मातीची गरजच नाही. गरज आहे ती खरबरीत सालीच्या म्हाताऱ्या झाडाची आणि एका बुरशीची. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. एका शेंगेत हजारोंनी बिया, पण एकीच्याही पोटात शिदोरी नाही. योग्य बुरशी भेटली तरच ती रुजते आणि मग फुलायला काही वर्षं जातात. दुकानातली ऑर्किडं लॅबमधल्या बाटलीत वाढवता येतात. इथे मात्र आंबा पडला, की त्याच्या अंगावरची सगळी वसाहत पडते.

तशी एक पडलेली दिसलीही. वादळात मोडलेली फांदी, तिच्यावर छोटी वांडा, एका बाजूने पिचलेली. खरं सांगतो, माझा हात सॅकच्या चेनवर गेला. नाही तरी मरणारच आहे, घरी नेली तर वाचेल!

मामाने ओळखलं. ‘‘तुया बाल्कनीत पंधरा दिवस जगन. मंग काय करशीन?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेबलावरची रिकामी कुंडी आठवली. मामाने खिशातून सुतळी काढली आणि ती वांडा आम्ही दोघांनी शेजारच्या जांभळाच्या बेचक्यात अलगद बांधली. मूळ सालीला टेकलं पाहिजे, गाठ सैल पाहिजे. सुतळी कुजेपर्यंत मुळं झाड धरतात म्हणे. धरतील का? पुढच्या जूनमध्ये कळेल. रजा आत्ताच टाकून ठेवलीय!

कसं जाल?
मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा साधारण ८५ किलोमीटर, एसटी किंवा गाडीने.

कधी जाल?
झाडावरच्या फुलांसाठी जून, जमिनीवरच्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी बंद असते, त्यामुळे आधी चौकशी करा.

काय न्याल?
दुर्बीण, रेनकोट, भरपूर वेळ.

काय आणाल?
फक्त फोटो. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी मेळघाट एक. अभयारण्यातून परवानगीशिवाय रोप काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.