आधी आराखडा, मग आकडे

मानसशास्त्राला येणाऱ्या बहुतेकांना माणसं समजून घ्यायची असतात. त्यामुळे एम.ए.ला ‘संशोधन पद्धती’ हा पेपर आमच्या वर्गात फारसा कुणाला आवडत नसे. मला त्याची गोडी लागली ती प्रॅक्टिकलच्या तासाला.

जे. रिडली स्ट्रूप यांचा १९३५ सालचा प्रयोग आम्ही मराठीत करत होतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो; प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. वाचता येणाऱ्या माणसाला समोरचा शब्द न वाचणं किती जड जातं, ते इथे सेकंदांत मोजता येतं. स्ट्रूप यांच्या प्रयुक्तांना रंगांचे १०० चौकोन ओळखायला सरासरी ६३ सेकंद लागले होते, तर भलत्याच शाईतल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११०. आमची कार्डं लहान होती, तरी फरक लगेच दिसला.

शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, “फरक कार्डामुळेच पडला कशावरून? शब्दांचं कार्ड दुसरं होतं. तोवर प्रयुक्त दमला असेल तर?” म्हणून निम्म्या प्रयुक्तांना आधी चौकोन, निम्म्यांना आधी शब्द. यामुळे सराव आणि थकवा नाहीसे होत नाहीत, पण दोन्ही कार्डांवर सारखे वाटले जातात. क्रम उलटवण्याएवढ्या साध्या गोष्टीने एक अख्खी शंका मिटते, याचा मला झालेला आनंद अजून आठवतो. सूचनाही कागदावरून शब्दशः वाचायच्या. एकीला “घाबरू नकोस, सोपं आहे” म्हटलं आणि दुसरीला नाही, तर दोघींवर दोन वेगळे प्रयोग झाले.

पुढे सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांचा २०११ चा लेख वाचला, आणि आराखडा आधी का लिहायचा ते पुरतं कळलं. बीटल्सचं ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ ऐकल्याने माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने घटतं, असा अशक्य निष्कर्ष त्यांनी खऱ्या प्रयुक्तांच्या खऱ्या आकड्यांतून मुद्दाम काढून दाखवला होता. त्यासाठी आकडे खोटे करावे लागले नाहीत. बऱ्याच गोष्टी मोजायच्या आणि सोयीच्या तेवढ्या सांगायच्या. निकाल पाहत पाहत प्रयुक्त वाढवायचे किंवा थांबायचं. एवढ्यावर अशक्य गोष्टही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली. मानसशास्त्रावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रबंधाचा विषय माझ्या आजूबाजूलाच होता: पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची झोप आणि परीक्षेची चिंता. कमी झोपेने चिंता वाढते की चिंतेने झोप उडते? की कितवा प्रयत्न आहे, घरून पैसे येतात का, यानेच दोन्ही बिघडतं? चोख उत्तर प्रयोगातून मिळेल. पण त्यासाठी चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना जागवावं लागेल, आणि परीक्षेच्या तोंडावर ते कुणी करू नये. म्हणून फक्त सहसंबंध तपासायचा, ‘कारण’ हा शब्द लिहायचा नाही, असं ठरलं. गृहीतकं, प्रश्नावल्या, किती जणांवर थांबायचं, विश्लेषण कोणतं, सगळं लिहून मॅडमची सही घेतली, मगच बाहेर पडले.

नमुना निवडणं सगळ्यांत अवघड गेलं. रात्री अकराला अभ्यासिकेत गेलं तर जागणारेच भेटणार, पहाटे गेलं तर लवकर उठणारे. म्हणून वेगवेगळ्या वेळा आधीच ठरवून घेतल्या. झोप आणि चिंतेचा संबंध दिसला खरा, पण प्रयत्नांची संख्या हिशेबात घेतल्यावर तो बराच क्षीण झाला. तेही ठरल्याप्रमाणे तसंच लिहिलं.

एक गट मात्र कुठल्याच वेळी भेटणार नव्हता. तयारी सोडून गावी परतलेली मुलं अभ्यासिकेत नसतात. आणि चिंता कदाचित त्यांनीच सर्वांत जास्त सोसलेली असेल. ‘मर्यादा’ या प्रकरणात मी त्यांच्याविषयी दीड पान लिहिलं. मॅडमनी ते दोन ओळींवर आणायला सांगितलं. मी आग्रह धरला, बराच वेळ बोलणं झालं, आणि शेवटी त्यांनी ते दीड पान ठेवू दिलं.