बी निवडताना पाळायचे नियम



रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या सांगलीकडे कृषी सेवा केंद्रांत बियाण्यांसाठी गर्दी व्हायला लागते. पाकिटांवरची चित्रं बघून सगळंच घ्यावंसं वाटतं. पण आपल्या घरात बी निवडताना दोन हिशेब घालावे लागतात, एक मातीचा आणि एक नियमांचा. गच्चीवर आणि परसात मिळून मी गेली काही वर्षं भाजी लावते आहे. त्यातून जे हाती आलं ते आज सांगते.

आधी एका प्रश्नाचं बोलू. मंदिरात एका काकूंनी मला विचारलं होतं, "माती उकरायची, पाणी घालायचं, म्हणजे आरंभ आलाच की. विकत आणलेली भाजी काय वाईट?" प्रश्न योग्य आहे. पण भगवान ऋषभदेवांनी असि, मसि यांच्याबरोबर कृषीही शिकवली आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडची कितीतरी जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करतात. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, त्याला सोडायची असते ती संकल्पी हिंसा. अळी मारायची म्हणून हातात फवारा घेतला की ती संकल्पीच झाली. म्हणून माझा पहिला नियम असा, की फवारणीची वेळच येऊ नये असं वाण निवडायचं. विकतच्या भाजीवर फवारणी आपण करत नाही, पण ती आपल्यासाठीच झालेली असते.

माझ्या सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी माताजींकडून नियम घेतला आहे, आयुष्यभर बाराच हिरव्या भाज्या मोकळ्या, बाकी सगळ्यांचा त्याग. दोन वर्षांपूर्वी बाजारच्या भेंडीत लागोपाठ तीनदा अळी निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता भेंडीही सोडते." त्याआधी दोडका असाच सोडायला निघाल्या होत्या. बारातल्या एकेक भाज्या अशा गेल्या तर त्यांच्या ताटात उरणार काय? त्यांचा नियम मोडायला लावायचा नव्हता आणि त्यांना उपाशीही ठेवायचं नव्हतं. मग मी त्यांच्या बारा भाज्यांची यादीच समोर ठेवली आणि त्याप्रमाणे बी आणलं.

भेंडीत मी 'परभणी क्रांती' लावते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हे वाण पिवळ्या शिरांच्या रोगाला, म्हणजे केवड्याला, दाद देत नाही म्हणून निवडलं गेलेलं आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते. रोगाला टिकणारं वाण असलं की माशीच्या मागे लागावं लागत नाही. बंगळूरचं 'अर्का अनामिका' हेही त्याच गुणाचं. पण अळीला अजिबात बळी न पडणारी भेंडी मला मिळालेली नाही. तिथे हात चालवावे लागतात. भेंडी दिवसाआड कोवळी तोडायची. एखाद्या शेंड्याने मान टाकली की आत अळी आहे असं समजायचं आणि तो शेंडा कापून लांबच्या झाडाखाली ठेवून यायचा.

वेलींत दोडक्याचं 'फुले सुचेता', कारल्याचं 'हिरकणी' आणि दुधीचं 'सम्राट', ही तिन्ही राहुरीच्या विद्यापीठाची वाणं. वेलींचा खरा त्रास फळमाशीचा. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि फळ आतून अभक्ष्य होतं. त्यावर उपाय आपल्याच घरात आहे. पाणी गाळायच्या जुन्या गाळण्याच्या छोट्या पिशव्या शिवायच्या, फूल सुकून फळ धरलं की त्यावर चढवायच्या आणि देठाशी सैल बांधायच्या. माशी आत जात नाही आणि मरतही नाही. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. आपलं जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेलं असतं, तेवढ्यात गच्चीवर जाऊन नर फूल मादी फुलाला लावून यायचं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या पाठीशी इवलंसं फळ असतं.

कुंड्यांसाठी गवारीचं 'पुसा नवबहार' चांगलं. त्याला फांद्या फुटत नाहीत, सरळ उभं वाढतं, जागा कमी लागते. पालेभाज्या मात्र चातुर्मासात लावतच नाही. पावसाळ्यात पानांवर जीव फार, आणि आमच्याकडे तेव्हा त्यांचा त्यागही असतो. मेथी, पालक, कोथिंबीर दिवाळीनंतर. कांदा, लसूण, मुळा, गाजर, बीट यांच्या पाकिटांकडे आपण बघायचंच नाही. वांगं बहुबीज म्हणून आमच्याकडे नाही. तुमच्या घरी नियम वेगळा असेल, तर तुम्ही तुमचा पाळा.

दुकानात गेलात की आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, पाकिटावर 'संकरित' लिहिलंय का. संकरित भाजी भरपूर येते, पण तिचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मी वर दिलेली वाणं सरळ आहेत, त्यांचं बी घरी ठेवता येतं. दुसरी, बियाण्याचा रंग. गुलाबी, हिरवं किंवा निळसर रंगलेलं बी म्हणजे त्यावर औषध चोळलेलं असतं. तसं बी लहान मुलांच्या आणि पाखरांच्या हाती लागू देऊ नये. शक्यतो बिनरंगाचं मागा. तारीख आणि उगवणीचा आकडाही वाचा. प्रमाणित बियाण्याला भेंडीसाठी किमान ६५ टक्के आणि वेलवर्गीय भाज्यांसाठी ६० टक्के उगवण लागते.

घरी बी धरायचं कधी, हे मला आपल्या पर्वांनीच शिकवलं. मृगात पेरलेली भेंडी जुलैअखेर तोडायला येते. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, दशलक्षणाचे दहा दिवस, आमच्याकडे हिरवं वर्ज्य. भेंडी काही थांबत नाही, ती जून होते. मग चांगल्या निरोगी झाडांवरच्या त्या शेंगा तशाच राहू द्यायच्या. पुढे त्या झाडावरच वाळून तडकतात आणि वर्षाचं बी देतात. एक काळजी घ्या. भेंडीत मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात, म्हणून बी धरायचं असेल तर एकच वाण लावा. वेलींचंही तेच.

बी सावलीत वाळवून, कोरड्या राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवते. राख आधीच असली की किडे येतच नाहीत, नंतर मारायची पाळी येत नाही. बी किती दिवस जिवंत राहतं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. माझ्या श्वेतांबर मैत्रिणीने मला भगवती सूत्रातला उल्लेख दाखवला. कोठारात नीट बंद करून ठेवलेलं भात, गहू, जव यांचं बी जास्तीत जास्त तीन वर्षं, तीळ, मूग, उडीद, कुळीथ पाच वर्षं, आणि जवस, करडई, मोहरी सात वर्षं उगवू शकतं, असं तिथे सांगितलंय. त्या कोरड्या दाण्यात जीव धरण्याची शक्ती आहे हे कळलं की मूठभर बी सांडताना हात आपोआप आवरतो. मी आता मोजून पेरते. उगवणीचा आकडा वाचायचा तो त्यासाठीच. उगाच दाट पेरून निम्मी रोपं उपटायला नकोत.

सासूबाईंच्या बारा भाज्यांपैकी सात आता घरच्या आहेत. भेंडी त्यांनी सोडली नाही. प्रत्येक भेंडी त्या अजूनही उभी चिरून उजेडात धरून बघतात, आणि ते बरोबरच आहे. गेल्या क्षमावाणीला त्यांनी स्वतः बियांच्या पुड्या बांधून मंदिरातल्या बायकांना दिल्या. पहिली पुडी त्या काकूंना दिली.

या वर्षीचं पेरायचं बी अजून आणलं नसेल तर आधी घरातल्यांचे नियम एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद घेऊन दुकानात जा.

जय जिनेंद्र.